चौकटी कंस वाचायला कोण शिकवणार?

राजनय आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांच्या सर्व सदस्यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका जागेसाठी मी नऊ मुलाखती घेतल्या. आमची कंपनी जहाजांचा आणि त्यांतल्या मालाचा विमा उतरवते. निर्बंध आणि आंतरराष्ट्रीय करार यांवर नजर ठेवणं हे माझं काम. उमेदवार नवाच्या नऊ तुमच्या विषयांत पदव्युत्तर पदवी घेतलेले, गुणपत्रिका बघत राहाव्यात अशा. प्रत्येकापुढे मी एकच कागद ठेवला. त्यावर मीच रचलेलं, पण कुठल्याही हवामान परिषदेच्या मसुद्यात सहज खपून जाईल असं एक वाक्य होतं :

"[विकसित] देशांनी [, तसेच तशी क्षमता असलेल्या इतर देशांनी,] [आपापली राष्ट्रीय परिस्थिती लक्षात घेऊन] २०३० पर्यंत पुरेसा निधी [उपलब्ध करून द्यावा] [उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न करावा]."

विचारलं एवढंच : हे पाच कंस कुणी घातले असतील, आणि पहाटे तीनला तडजोड झालीच तर यातलं काय उरेल?

आठ जणांनी मला सत्तासंतुलन समजावून सांगितलं. त्यांतल्या एकाने वर्चस्ववादावर इतकं सुरेख भाष्य केलं की मी मध्ये बोलायचं विसरले. पण कागदाकडे कुणी परत पाहिलंच नाही. नवव्याबद्दल नंतर सांगते.

कोडं खरं तर अवघड नाही. चौकटी कंस म्हणजे 'यावर अजून सहमती नाही'. 'विकसित' हा शब्द उडाला तर पैसे सगळ्यांनीच द्यायचे, म्हणजे त्याला कंस घालणारा भार वाटून घ्यायला निघालेला आहे. तो उडवता आला नाही, तर निदान 'क्षमता असलेले इतर' तरी आत यावेत, हा त्याच बाजूचा दुसरा डाव. हे दोन कंस एकमेकांच्या बदल्यात सुटतात. 'राष्ट्रीय परिस्थिती' ही मागच्या दाराची किल्ली. ती प्रत्येकालाच हवी असते, त्यामुळे बहुधा टिकते. 'द्यावा' घेणाऱ्यांचं, 'प्रयत्न करावा' देणाऱ्यांचं. आणि 'पुरेसा'ला कंस का नाही? कारण त्याचं माप कुणीच विचारलेलं नाही. ज्याच्यावर सगळ्यांचं एकमत आहे तोच वाक्यातला सर्वांत पोकळ शब्द.

एवढं वाचता यायला प्रतिभा लागत नाही, सवय लागते. ती सवय तुमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठेच लागत नाही, ही माझी तक्रार आहे. मी अशाच एका वर्गातून बाहेर पडले आहे, म्हणून हे बाहेरून केलेलं शेरेबाजीचं पत्र समजू नये. दोन वर्षांत मी वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद शिकले, शीतयुद्धाचे टप्पे पाठ केले, निबंध लिहिले. करार पुष्कळ अभ्यासले, म्हणजे त्यांच्याबद्दल वाचलं. करार मात्र एकही पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला नाही. मसुदा कधी हातात आला नाही. बैठकीचं टिपण कसं घ्यायचं हे कुणी सांगितलं नाही.

त्याची किंमत पहिल्याच नोकरीत मोजली. एका स्वयंसेवी संस्थेची निरीक्षक म्हणून मी एका कार्यगटाच्या बैठकीला बसले होते. रोज रात्री दिवसभराचा गोषवारा लिहून संस्थेच्या सदस्यांना पाठवायचा. एका अहवालाबद्दल अध्यक्षांनी जे वाचून दाखवलं त्याचा अर्थ होता 'कार्यगटाने अहवालाची नोंद घेतली'. मी लिहिलं, 'कार्यगटाने अहवालाला मान्यता दिली'. माझ्या कानाला दोन्ही सारखंच वाटलं. सगळे माना डोलावत होते, टाळ्याही वाजल्या होत्या. सकाळी आठला वरिष्ठांचा फोन आला. रात्रीतून दोन शिष्टमंडळांनी विचारणा केली होती, की आम्ही कधी मान्यता दिली? गोषवारा मागे घेतला, दुरुस्तीचं पत्र काढलं, आणि पुढचे तीन दिवस मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय बाहेर गेलं नाही. 'नोंद घेणे' म्हणजे कागद टेबलावर आला हे कबूल करणं, त्याहून एक तसूभरही अधिक नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत मोठ्या राष्ट्रप्रमुखांनी घडवलेल्या मसुद्याला काही देशांनी भर सभेत विरोध केला, तेव्हा परिषदेने त्याची फक्त 'नोंद घेतली'. जगभरच्या नेत्यांनी शिणून तयार केलेला कागद त्या एका क्रियापदामुळे परिषदेचा निर्णय होऊ शकला नाही. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर 'कोपनहेगनचे अपयश' या मथळ्याखाली मी चार पानं लिहिली असती. क्रियापद त्यात आलं नसतं.

हे असं का झालं असावं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं तुमच्या विषयाचे पूर्वज दोन आहेत आणि तुम्ही एकाचंच श्राद्ध घालता. १७५४ मध्ये मारिया थेरेसाने व्हिएन्नात पौर्वात्य अकादमी काढली. आजची तिथली डिप्लोमॅटिक अकादमी स्वतःचा उगम तिथपर्यंत नेते. तिथे मुलांना आधी काय शिकवत? तुर्की, फारसी, अरबी. उस्मानी दरबारात जायचं तर तिथली भाषा यायला हवी, पत्र वाचता आणि लिहिता यायला हवं, एवढा साधा हिशोब. दुसरा पूर्वज १९१९ चा. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. त्या वर्षी वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन निघालं, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात परराष्ट्र सेवेसाठीची शाळा निघाली, आणि पाठोपाठ १९२७ मध्ये जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था. कोट्यवधी मेले, हे पुन्हा होऊ नये म्हणून राष्ट्रं अशी का वागतात ते समजून घ्यायचं, ही त्यामागची तळमळ. प्रश्न मोठा, आदर वाटावा असा. पण त्या मोठ्या प्रश्नाच्या सावलीत आधीचा कारागिरीचा वारसा खुरटला. विद्यार्थी 'का' विचारायला शिकला आणि 'कसं' विसरला.

आपल्या भाषेनेही थोडा घोळ घातला आहे. 'मुत्सद्दी' म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पोटातलं ओठावर येऊ न देणारा, चार डाव पुढचं बघणारा धूर्त माणूस. 'शिष्टाई' म्हटलं की भर सभेतलं ओजस्वी भाषण. जुना शब्द त्याहून प्रामाणिक होता. दुसऱ्या दरबारी पाठवलेल्या माणसाला मराठीत 'वकील' म्हणत; 'वकिलात' हा शब्द त्यातूनच आला. त्या वकिलाचा दिवस मुख्यतः कशात जायचा? बातमी गोळा करून पत्रं लिहिण्यात. राजनयिक संबंधांवरचा १९६१ चा व्हिएन्ना करार उघडून पाहा. अवघी ५३ कलमं आहेत, एका संध्याकाळी वाचून होतील. तिसऱ्या कलमात वकिलातीची कामं दिली आहेत : प्रतिनिधित्व, हितरक्षण, वाटाघाटी, कायदेशीर मार्गांनी त्या देशातली परिस्थिती जाणून घेऊन ती आपल्या सरकारला कळवणं, आणि मैत्रीचे संबंध वाढवणं. चौथं काम 'कळवणं' आहे, आणि पोटापाण्याच्या दृष्टीने तेच सर्वांत जास्त उपयोगी पडतं. मी पाहिलेल्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्याला अर्धं पानही नव्हतं. कळवणं म्हणजे काय? तासाभराची भेट दीड पानात आणायची. समोरचा काय म्हणाला, काय म्हणाला नाही, आणि मला त्यावरून काय वाटतं, या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. आमच्याकडे नव्याने येणाऱ्यांच्या टिपणांत या तिन्हींची खिचडी असते. ती वेगळी करायला शिकवण्यात माझे सहा-सहा महिने जातात.

आता शब्दांकडे वळते, कारण या धंद्यातली खरी मजा आणि खरा धोका तिथेच आहे.

सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव, २२ नोव्हेंबर १९६७. इस्राएलच्या फौजांनी 'अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून' माघार घ्यावी, असं त्यात आहे. इंग्रजी पाठात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. फ्रेंच पाठात 'दे तेरितोआर' आहे आणि त्याचा अर्थ 'त्या प्रदेशांतून', म्हणजे सगळ्याच, असाही होतो. एक बाजू म्हणते, सर्व प्रदेश सोडायचे असते तर 'द' लिहिला असता. दुसरी म्हणते, युद्धाने भूमी मिळवणं अमान्य आहे असं ठरावाच्या प्रस्तावनेतच लिहिलंय, मग 'द' असला काय आणि नसला काय? अर्धशतक उलटून गेलं, वाद चालू आहे. मराठीत हा ठराव मांडताना वेगळीच गंमत होते. आपल्याकडे 'द' नाहीच. 'व्यापलेल्या प्रदेशांतून' म्हटलं की मूळची संदिग्धता आपोआप उतरते, पण ती संदिग्धता आहे हेच वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वर्गात हे एकदा करून बघा. वीस विद्यार्थ्यांना तो परिच्छेद आपापल्या भाषेत आणायला सांगा आणि कुणी 'सर्व' घातलं, कुणी 'काही' घातलं, ते मोजा. तासभर सिद्धांत सांगून जे कळत नाही ते वीस मिनिटांत कळेल.

पॅरिसची हवामान परिषद, १२ डिसेंबर २०१५. दोन आठवड्यांच्या घासाघिशीनंतर अंतिम मसुदा वाटला गेला आणि अमेरिकी शिष्टमंडळाच्या वकिलांच्या लक्षात आलं की चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात विकसित देशांच्या उत्सर्जन-कपातीबद्दल 'शुड'च्या जागी 'शॅल' पडला आहे. 'शॅल' म्हणजे कायदेशीर बंधन. तसं बंधन स्वीकारायचं तर करार सिनेटपुढे न्यावा लागणार आणि तिथे तो तरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सभा खोळंबली. शेवटी सचिवालयाने किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांची यादी वाचून दाखवली, स्वल्पविराम, क्रमांक वगैरे, आणि त्यातच 'शॅल'चा 'शुड' झाला. परिषदेचे अध्यक्ष लोरां फाबियुस यांनी हातोडा आपटला. एका शब्दासाठी करार अडला होता आणि त्याची सुटका छपाईच्या चुकांच्या रांगेत उभं राहून झाली. माझ्या मते राजनयाच्या पहिल्या तासाला शिकवावं ते हे. यात सत्ता आहे, कायदा आहे, देशांतर्गत राजकारण आहे, आणि वाचून दाखवणाऱ्याचा एकसुरी आवाजही आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं राजदूतांचं, आणि राजदूत व्हायला किती जण जाणार? नेमकं तिथेच आपलं चुकतं. परराष्ट्र सेवेत जाणारे मूठभर असतात. पण राजनयातून बाहेर पडलेला कागद असंख्य टेबलांवर जाऊन पडतो, आणि तिथे तो वाचणारा कुणीतरी लागतो. माझंच टेबल घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये जी-सेव्हन देश, युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलिया यांनी रशियाच्या कच्च्या तेलावर पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत घातली. बातमीत ती भू-राजकीय खेळी होती. आमच्याकडे ती एका घोषणापत्राच्या रूपात आली : माल या किमतीच्या आत घेतला आहे असं लिहून दिलं तरच विमा. ते लिहून देणारा कोण, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कुठवर, वाहतुकीचा खर्च किमतीत धरलाय की वेगळा, हे ठरवणारी माणसं मंत्री नव्हेत. ती आमच्यासारखी, दुपारी चारला थंड झालेला चहा समोर घेऊन बसलेली.

किंवा मालकीचा प्रश्न. एखाद्या जहाज कंपनीत निर्बंधाखालच्या माणसाचा नेमका निम्मा हिस्सा आहे. अमेरिकी नियम म्हणतो ५० टक्के किंवा अधिक, आणि अशा अनेकांचे हिस्से एकत्र धरून. म्हणजे ही कंपनी अडकली. ब्रिटिश नियम म्हणतो ५० टक्क्यांहून अधिक, किंवा मग नियंत्रण. म्हणजे हिश्शापुरती सुटली, नियंत्रणाचं वेगळं तपासा. एकाच जहाजाचं, एकाच सकाळी, दोन राजधान्यांत दोन उत्तरं. हा फरक कुठून येतो, तो मुद्दाम आहे की ओघात, उद्या बदलेल का, हे कळायला राजनय शिकलेला माणूस हवा. नुसता वकील नियम वाचेल. तो नियम कुणाच्या आग्रहाने तसा झाला आणि कुठल्या दिशेला सरकेल, हे त्याला सांगता येईलच असं नाही.

यातलं मला सर्वांत जवळून दिसलेलं उदाहरण काळ्या समुद्रातल्या धान्याचं. २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये करार झाला आणि युक्रेनच्या तीन बंदरांतून धान्य निघायला वाट मिळाली. रशिया आणि युक्रेन यांनी एकमेकांबरोबर सही केलीच नाही. दोघांनी समान मजकुराच्या वेगवेगळ्या प्रतींवर, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर सह्या केल्या. युद्ध चालू असताना शत्रूशी करार केला असं दोघांनाही म्हणावं लागू नये, याची ही सोय. असली सोय सुचणं म्हणजे राजनय, त्याला भाषण लागत नाही. इस्तंबूलला चौघांचं संयुक्त समन्वय केंद्र उभं राहिलं आणि येणारी-जाणारी जहाजं तपासली जाऊ लागली.

मुदत होती १२० दिवसांची. मजकुरात म्हटलं होतं की एखाद्या पक्षाने करार संपवायचा किंवा बदलायचा आहे असं कळवलं नाही, तर तो तेवढ्याच मुदतीसाठी आपोआप वाढेल. नोव्हेंबरमध्ये तो एकदा तसा वाढलाही. मार्च २०२३ मध्ये परत मुदत आली. युक्रेनने सांगितलं १२० दिवस वाढला. रशियाने सांगितलं ६० दिवसच. कोण बरोबर? 'तेवढ्याच मुदतीसाठी' वाचलं तर १२०. 'किंवा बदलायचा आहे असं कळवलं नाही तर' यावर बोट ठेवलं तर रशियाला पळवाट मिळते. आणि आम्हाला त्या आठवड्यात पॉलिसीवर तारीख घालायची होती! जहाज बंदरात शिरतं, तपासणीच्या रांगेत थांबतं, भरतं, परत रांगेत थांबतं. ६० दिवसांत तो फेरा अंगावर येऊ शकतो. आम्ही ६० धरून चाललो. मे महिन्यात परत ६० दिवस वाढले आणि १७ जुलैला रशियाने अंग काढून घेतलं. तोवर सुमारे ३.३ कोटी टन धान्य आणि खाद्यमाल त्या वाटेने बाहेर पडला होता. तो मजकूर आमच्या टेबलावर अगदी पहिल्या दिवशी वाचणारी एक मुलगी होती, तिने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : 'बदल म्हणजे मुदतीतही?' ती भाषाशास्त्र शिकून आली होती. राजनय नव्हे.

बाकीच्या टेबलांची यादी मी करत बसत नाही. मानवतावादी संस्थेत चौकीवरच्या बंदूकधाऱ्याशी औषधांच्या गाडीसाठी बोलणारा असतो. रेडिओलहरींच्या वाटपासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात बसणारी अभियंता असते. हा संघ १८६५ चा आहे, तुमच्या विषयाहून वयाने मोठा. डेन्मार्कने २०१७ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांशी बोलायला वेगळा राजदूत नेमला, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूलाही आता राजनय समजणारी माणसं लागतात. एवढं पुरे.

विद्यार्थ्यांना हे झेपेल का, अशी शंका असेल तर वानुआतूचं उदाहरण देते. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामान बदलाबद्दल राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवायचं. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव लागतो, आणि ठराव आणायला सरकार लागतं. वानुआतूचं सरकार तयार झालं. मग प्रश्नाचा मसुदा, त्यावर गटा-गटांत काथ्याकूट, शंभराहून अधिक सहप्रायोजक, आणि २९ मार्च २०२३ ला आमसभेत मतदानाशिवाय, सहमतीने मंजुरी. २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं. या मुलांनी नेमकं काय साधलं? न्यायालयाला प्रश्न विचारता येतो, पण उत्तराची लांबी-रुंदी प्रश्नाच्या शब्दांत आधीच ठरते, हे त्यांनी ओळखलं. ठरावातला प्रश्न कुठल्याही एका देशाकडे बोट दाखवत नाही. दाखवलं असतं तर सहमती झाली नसती. वर्गातला अभ्यास असा हेगच्या न्यायालयापर्यंत जाऊ शकतो.

याउलट तुमच्या विभागांत सर्वांत उत्साहाने होणारा प्रकार म्हणजे संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सभा. मला ती आवडत नाही, स्पष्टच सांगते. मुलं सूट घालून येतात, दोन मिनिटांची तडफदार भाषणं करतात, 'सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी' म्हणून ढाल घेऊन जातात. खऱ्या बैठकीत सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी कोण होता हे कळतच नाही. कळलं तर तो सर्वोत्कृष्ट नव्हता. त्याऐवजी कधीतरी दहा विद्यार्थ्यांना एक परिच्छेद देऊन खोलीत बसवा. प्रत्येकाला त्याच्या 'राजधानी'कडून आलेली चिठ्ठी द्या, त्यात दोन गोष्टी सोडायच्या नाहीत आणि एक सोडली तरी चालेल. रात्री अकराला चिठ्ठी बदला. राजधानी बदलते तशी. आणि गुण भाषणाला देऊ नका. सकाळी प्रत्येकाने लिहिलेल्या अहवालाला द्या. एकाच खोलीतले दहा अहवाल शेजारी शेजारी ठेवले की कुणी काय ऐकलंच नाही ते दिसेल.

मला ठाऊक आहे, तुमच्यातले काही म्हणतील की विद्यापीठ म्हणजे नोकऱ्यांचा कारखाना नव्हे. मान्य आहे. सिद्धांत मला निरुपयोगी वाटतो असंही नाही. राष्ट्रं पाळायची नसलेली वचनं का देतात, लहान देश नियमांना इतके का चिकटतात, हे मला वर्गातच कळलं आणि अजून रोज उपयोगी पडतं. समुद्र कायद्याच्या तिसऱ्या परिषदेला १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षं लागली, कारण सगळं मिळून एकच पुडकं घ्यायचं, आवडीचं उचलून बाकीचं सोडायचं नाही, असं ठरलं होतं. हे समजायला पुडक्यामागचं राजकारण माहीत हवंच. माझं म्हणणं एवढंच, की सिद्धांत कागदावर टेकवून दाखवा. हवेत ठेवू नका.

आणि एक अडचणीची गोष्ट, जी कारागिरी शिकवा म्हणणारे आम्ही लोक सहसा बोलत नाही. संदिग्ध शब्द शोधण्याचं कसब विकलं जातं. त्याला भाव आहे. दोन्ही बाजूंना घरी जाऊन विजय सांगता येईल असं वाक्य रचणारा माणूस परिषदेत हिरो असतो, पण त्या वाक्याखाली राहायची वेळ दुसऱ्याच कुणावर येते. २४२ मधल्या त्या न लिहिलेल्या 'द'खाली पिढ्या वाढल्या. हे कसब शिकवाल तेव्हा त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं हेही त्याच तासाला दाखवावं, पुढच्या सत्रातल्या नीतिशास्त्राच्या ऐच्छिक पेपरात नव्हे. व्हिएन्नाच्या १९६३ च्या वाणिज्य दूतांवरच्या करारात, परदेशात पकडलेल्या माणसाला त्याचे हक्क 'विनाविलंब' सांगावेत असं ३६ व्या कलमात आहे. २००४ मध्ये मेक्सिको आणि अमेरिका यांच्यातल्या अवेना खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाला ठरवावं लागलं की 'विनाविलंब' म्हणजे अटक होताक्षणीच असं नव्हे, पण माणूस परदेशी आहे हे लक्षात आलं किंवा तसं वाटण्यासारखं काही दिसलं की कर्तव्य सुरू होतं. ज्यांच्यासाठी हा शब्द पिंजला गेला ते मेक्सिकन कैदी फाशीच्या रांगेत होते.

माझी मागणी मोठी नाही. पहिल्या सत्रात एक करार आणि त्याचे आधीचे मसुदे, दोन्ही अथपासून इतिपर्यंत वाचायला लावा. दर आठवड्याला दीड पानाचं एक टिपण लिहून घ्या आणि लाल शाईने परत करा. आणखी एक भाषा सक्तीची करा, बोलण्यापेक्षा वाचण्यापुरती चालेल. शिकवायला माणसं नाहीत म्हणाल, तर आमच्यासारखे पुष्कळ आहेत. बोलावलं तर सत्रात दोन दिवस मी स्वतः येईन, मसुदे घेऊन येईन, मानधन नको.

राहिला तो नववा उमेदवार. पदवीला येण्याआधी दोन वर्षं त्याने एका कामगार संघटनेच्या कचेरीत पगार-करारांचे मसुदे टाईप केले होते. सिद्धांतावर तो जेमतेम बोलला. कागद मात्र हातात धरून बराच वेळ बघत राहिला, आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी त्यानेच मला एक प्रश्न विचारला : "दुसऱ्या कंसात स्वल्पविरामही आत घेतलेत. म्हणजे हा कंस पडला तरी उरलेलं वाक्य जसंच्या तसं छापता यावं, अशी तयारी कुणीतरी आधीच करून ठेवलीय. हा कंस पडणार आहे ना?"

तो सोमवारी रुजू होतोय.

कळावे,

आपली,
एक माजी विद्यार्थिनी